आरशातल्या सरळ रेघा

दोन लाख पंच्याऐंशी हजारांना फसलो. त्यातले दोन लाख आगाऊ दिले होते, तेही दुर्बीण बनवणाऱ्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. "सर, करंट अकाउंटचं जरा काम चाललंय," म्हणाला. पक्कं बिल "डिलिव्हरीबरोबर" येणार होतं. इथेच कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही, कारण मला अठरा इंची आरशाची दुर्बीण हवी होती.

माझी जुनी दुर्बीण सहा इंची. तिचा आरसा मी स्वतः घासलाय, आमच्या काकांच्या हाताखाली. काका पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळेत शिकून आलेले. सहाच्या तिप्पट अठरा, म्हणजे प्रकाश नऊपट. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की माणूस कामातून जातो.

ऑर्डर देण्याआधी त्याने आरशाच्या चाचणीचा फोटो पाठवला. रोंकी चाचणी, म्हणजे बारीक रेघांच्या जाळीतून आरसा बघायचा. रेघा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. खाली शेरा : पायरेक्स काच (तापमानाने कमी फुगणारी), पॅराबोलिक (गोलापेक्षा मधे किंचित जास्त खोल, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत येतो), एक अष्टमांश तरंगलांबी (आकारातली चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाएवढीच). मी खूश. माझ्या सहा इंचीच्या रेघाही अशाच सरळ होत्या की!

तिथेच माझं अर्धवट ज्ञान नडलं. आरशाच्या वक्रताकेंद्रावरून, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा त्या गोलाच्या मध्यावरून पाहिलं तर सरळ रेघा गोलाकार आरशात दिसतात. पॅराबोला असेल तर त्या कमानीसारख्या वाकायला हव्यात. माझा सहा इंची एफ-8 चा आहे, म्हणजे प्रतिमा व्यासाच्या आठपट अंतरावर पडते; तिथे गोल आणि पॅराबोला यांत इतका कमी फरक असतो की गोलावर भागून जातं. अठरा इंची एफ-6 ला कडेपाशी दोन मायक्रॉनचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण एक अष्टमांश तरंगलांबी म्हणजे साधारण 70 नॅनोमीटर. त्याच्या जवळपास तीसपट चूक मला पुरावा म्हणून पाठवली होती, आणि मी ती कौतुकाने चार जणांना पुढे धाडली.

ताबा घ्यायला गेलो तेव्हा त्याने गच्चीवरून चंद्र दाखवला, मोठ्या आयपीसमधून (डोळ्याजवळचं भिंग), साठपट. साठपटीत चंद्र कशातूनही छान दिसतो. गुरू बघू म्हटलं, तर "हवा खराब आहे सर." शिडी, नऊ फुटी सांगाडा, वर चढून डोळा लावायचा, या सगळ्याच्या नवलाईत मी मान डोलावली.

हे "हवा खराब आहे" वाक्य पुढे चार महिने मीच स्वतःला ऐकवत राहिलो. माण तालुक्यात दहिवडीजवळ मावसभावाचा मळा आहे, अंधार चांगला मिळतो. तिथे मृगातला तेजोमेघ अठरा इंचीतून पाहिला तेव्हा घसा दाटून आला होता, खोटं का बोलू. तेजोमेघ मुळातच धूसर, त्यात आरशाची चूक लपते. गुरूवरचे पट्टे मात्र दुधात बुडवल्यासारखे दिसायचे. बनवणाऱ्याला फोन केला की उत्तर तयार : मोठ्या आरशाला हवेचा त्रास जास्त होतो. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच वाईट. साफ खोटं लगेच पकडलं असतं.

फेब्रुवारीत काका मळ्यावर आले. त्यांनी माझी सहा इंचीही गाडीत टाकायला लावली. दोन्ही दुर्बिणी दोन तास उघड्यावर ठेवल्या, आरसे गार होईपर्यंत. मग दोन्ही पुनर्वसूतल्या कॅस्टरवर लावल्या. हा जोडतारा, अंतर पाच-साडेपाच आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). सहा इंचीत दोन स्वच्छ टिंब, मधे काळी फट. शिडीवर चढून अठरा इंचीत पाहिलं, तर एक केसाळ गोळा. अठरा इंचीने कागदावर पाव आर्कसेकंदापर्यंत वेगळं दाखवायला हवं. काकांनी फोकस थोडा आत नेला, थोडा बाहेर. चांगल्या आरशात दोन्हीकडे सारखीच वर्तुळं दिसतात. इथे एकीकडे कडेला जाड कडं, दुसरीकडे मधेच उजेडाचा ठिपका. काका शिडीवरून उतरले आणि म्हणाले, "हवा एकच आहे रे. दोन्ही नळ्यांवरून तीच वाहतेय."

दुसऱ्या दिवशी आरसा गोधडीत गुंडाळून वाण्याच्या काट्यावर ठेवला. व्यास आणि जाडी मोजून, मधला खोलगट भाग वजा करून घनफळ काढलं होतं. पायरेक्स साध्या काचेपेक्षा हलकी; तिचा असता तर 13 किलोच्या आसपास भरला असता. काटा 14.6 वर थांबला. साधी काच! वाणी विचारत होता, "साहेब, विकायचाय का?"

साधी काच असणं हा गुन्हा नाही, हेही सांगतो. ज्याच्या नावाने माझ्यासारख्या साध्या सांगाड्यावरच्या मोठ्या दुर्बिणींना डॉब्सोनियन म्हणतात, तो जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठातला साधू, त्याने जहाजाच्या खिडकीच्या काचेतून आरसा घासला होता. पण त्याने ती पायरेक्स म्हणून कुणाला विकली नाही.

फोन केला. आधी "वाहतुकीत हलला असेल", मग "तुम्हाला कोलिमेशन जमत नाही", मग फोन बंद. कोलिमेशन म्हणजे आरसे एका रेषेत आणणं. ते मी डोळे मिटून करतो, पण त्याने काचेचा आकार बदलत नाही.

ज्याचं असं झालंय त्याने लाजून गप्प बसू नये. मी दोन महिने बसलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल नसलं तरी बँकेची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज असतात. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. आणि घेणार असाल तर तीन चतुर्थांश पैसे ताऱ्याची चाचणी होईपर्यंत हातात ठेवा, अंधारात, दोनशेपटीवर, सोबत आपली जुनी लहान दुर्बीण घेऊन. विकणारा चिडला तर चिडू द्या.

माझी तक्रार दाखल आहे. फोटो आणि मापं वकिलांकडे दिल्यावर काका म्हणाले, काच तुझीच आहे, बसून काय करतोस. अ‍ॅल्युमिनियमचा थर उतरवला, त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिंपावर आरसा ठेवला, आणि डांबराच्या पॅडवर सिरियम ऑक्साइड (पॉलिशची पूड) लावून दर रविवारी मधला भाग घासतोय. पाच मिनिटं घासायचं, तासभर थांबायचं, मग अठरा फुटांवरून जाळी धरायची. गेल्या रविवारी रेघा पहिल्यांदा किंचित वाकल्या. काकांनी मला बोलावून दाखवलं, आणि चहा टाकायला आत गेले.