दीड वर्ष, ४६ रात्री : आमचा तंबू, गाद्या आणि आईंची गोधडी

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही न्यू जर्सीतून गाडी काढली ती ४४ दिवसांनी परत आणली. सुमारे ६,७०० मैल, दहा नॅशनल पार्क, ३३ रात्री तंबूत, नऊ मोटेलात आणि एक रात्र गाडीत. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. आईंचं वय तेव्हा ६८, गुडघे दुखरे, पण उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त. परत आल्यावर त्याच सामानावर शेनान्डोआ, अकेडिया वगैरे पूर्वेकडची पार्कं धरून आणखी १५ रात्री काढल्या. दुकानातून आणल्या आणल्या लिहिलेले अभिप्राय मी जायच्या आधी भरपूर वाचले होते. सामान झिजल्यावर काय होतं ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमची सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. आम्ही तंबूवर खूप विचार केला आणि अंथरुणावर अजिबात केला नाही. करायला हवं होतं नेमकं उलट.

पहिला तंबू आठ माणसांचा, सरळ भिंतींचा, आत ताठ उभं राहता येईल असा घेतला होता. आईंना वाकायला नको हा विचार. इंडियाना ड्यून्सला दोन रात्री तो सुरेख चालला. तिसरा मुक्काम साउथ डकोटातल्या बॅडलँड्सचा, सीडर पास कॅम्पग्राउंडवर. संध्याकाळ इतकी शांत होती की आम्ही ताणाचे दोर बांधलेच नाहीत, नुसत्या चार कोपऱ्यांच्या खुंट्या ठोकल्या. जमीन कडक, तंबूबरोबर आलेल्या पातळ खुंट्या निम्म्या जाऊन वाकल्या. रात्री दोनच्या सुमारास वारा सुटला. त्या मैदानात अडवायला झाड नाही की टेकडी नाही. वाऱ्याच्या बाजूची भिंत आत येऊन माझ्या तोंडाला लागली आणि पाठोपाठ फायबरग्लासची काठी मोडल्याचा आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. मोडलेलं टोक कापड फाडून बाहेर आलं. आईंना आणि लेकीला आधी गाडीत बसवलं, मग आम्ही दोघांनी अंधारात कापड गोळा केलं. उरलेली रात्र चौघंही बसून काढली. तंबूच्या कंपनीने नंतर कळवलं की वाऱ्याचं नुकसान हमीत येत नाही. त्या उत्तराचा मला आजही राग आहे, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात वाऱ्यापावसात टिकणारा असंच छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी रॅपिड सिटीत नवा तंबू घेतला. सहा माणसांचा, घुमटाच्या आकाराचा, काठ्या ॲल्युमिनियमच्या, आणि रेनफ्लाय म्हणजे वरचं पावसाचं कापड थेट जमिनीपर्यंत येणारं. साडेतीनशे डॉलर गेले. पुढच्या ४६ रात्री याच तंबूतल्या. उंच, सरळ भिंत म्हणजे शिडाचं कापड, ती वारा पकडते. घुमटावरून तो घसरून जातो. उघड्या मैदानात मुक्काम असेल तर आत उभं राहायची हौस सोडून द्या. आई वाकून आत जायला आठवड्यात सरावल्या. दाराशी एक फोल्डिंग खुर्ची ठेवली की त्या आधी बसायच्या, मग पाय आत घ्यायच्या. खुंट्याही वेगळ्या घेतल्या, दहा इंची लोखंडी, आणि एक खरी हातोडी. आता हवा कितीही शांत दिसली तरी सगळे दोर बांधल्याशिवाय आम्ही चहासुद्धा करत नाही.

आता अंथरूण. घरून दोन मोठ्या, दहा इंच जाडीच्या हवेच्या गाद्या नेल्या होत्या. पाहुणे आले की हॉलमध्ये टाकतो त्याच. यलोस्टोनला मॅडिसन कॅम्पग्राउंडवर पाच रात्री होत्या. उंची जवळजवळ ६,८०० फूट, आणि जूनमध्येही पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो. चौघांच्या स्लीपिंग बॅगा चांगल्या होत्या, तरी पाठ बर्फासारखी. कारण नंतर समजलं. गादीतली एवढी हवा जमिनीच्या थंडीने गार होते, आत फिरत राहते आणि अंगाची ऊब ओढून घेते. शिवाय बॅगेचा अंगाखालचा भाग वजनाने दबतो, त्यात ऊब धरायला हवाच उरत नाही. वरून कितीही पांघरा, खालून थंडी येतच राहते.

आईंची कॉट तर आणखी गार. गुडघ्यांसाठी त्यांना उंच कॉट घेतली होती, बसायला उठायला ती फार सोयीची, पण तिच्या खालून वारा वाहतो. पहिल्या रात्री त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तर त्यांनी साताऱ्याहून आणलेली गोधडी अंगावरून काढून कॉटवर दुहेरी अंथरली होती आणि कोपरे खालच्या दांड्याला नाडीने बांधत होत्या. जुन्या नऊवारी लुगड्यांची, बारीक धावदोऱ्याची, चांगली वजनदार गोधडी. “वरून नको गं, खालून हवी,” एवढंच म्हणाल्या. त्या रात्री त्या एकट्या शांत झोपल्या. हे शहाणपण आम्हाला जॅक्सन गावातल्या दुकानात जाऊन विकत घ्यावं लागलं: आत फोम असलेल्या, आपोआप फुगणाऱ्या तीन गाद्या, प्रत्येकी शंभर डॉलरच्या वर. गादीवर आर-व्हॅल्यू छापलेली असते, ती पाहूनच घ्या. आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी लागते. आमच्या गाद्या सहाच्या वरच्या आहेत. दीड वर्षात एकीचा व्हॉल्व्ह किंचित सैल झालाय, पहाटेपर्यंत ती थोडी बसते, पण फोममुळे पाठ जमिनीला टेकत नाही. सगळ्या सामानात या गाद्यांना मी पहिला नंबर देईन, आणि पैसे मर्यादित असतील तर ते इथेच घाला असं सांगेन.

स्वयंपाकाबद्दल लिहायलाच हवं, कारण मराठी घरातून निघणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात. दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी आणि तीन लिटरचा कुकर, यावर ४४ दिवस निघाले. कुकर न्या, वजनाचा विचार करू नका. ब्राइस कॅन्यनला आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही. कुकरला मात्र नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त दिली की काम झालं. शेगडीचे हिरवे एक पौंडी सिलिंडर आमच्या स्वयंपाकाला दोन-अडीच दिवसच पुरायचे आणि रिकामे टाकताना जीव हळहळायचा. आता भरून घेता येणारी पाच पौंडी टाकी आणि जोडनळी घेतली आहे.

खिचडी, मेतकूट-भात, भाजणीची थालीपिठं, पोहे. थालीपीठ कॅम्पिंगसाठीच जन्माला आलंय असं माझं ठाम मत आहे. पण अस्वलांच्या प्रदेशात फोडणीचा विचार करावा लागतो. हिंग-लसणाचा वास किती लांब जातो! मॅडिसनला आमच्या जागेवर लोखंडी पेटी होती. तिच्यात नुसतं खाणंच नाही, तर शेगडी, धुतलेला कुकर, टूथपेस्ट, साबण, आईंची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा रात्री जायची. भांड्यांचं पाणी जमिनीवर ओतायचं नाही, त्यासाठी असलेल्या मोरीतच टाकायचं. मी स्वयंपाकाचे कपडे वेगळे ठेवले आणि ते कधीही तंबूत नेले नाहीत. अस्वल दिसलं नाही, पण एका सकाळी बायसन, म्हणजे तिथला गवा, आमच्या टेबलापासून चाळीस पावलांवर येऊन चरत होता. गव्यापासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे. लेकीने तो आजीला इतक्या गंभीरपणे समजावला की आजी तासभर गाडीतून उतरल्या नाहीत.

पार्कच्या पासाचा हिशेब. ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा वर्षभराचा पास ८० डॉलरला घेतला होता. आमच्या नऊ पार्कांची गाडीमागची प्रवेश फी तेव्हा मिळून २८५ डॉलर झाली असती. दहावं मॅमथ केव्ह, तिथे प्रवेश फी नाहीच. गुहेच्या टूरचं तिकीट काढावं लागतं आणि त्याला हा पास चालत नाही. कॅम्पिंगचं भाडंही पासात येत नाही, हे बरेच जण विसरतात. आईवडील भारतातून येणार असतील तर आणखी एक लक्षात घ्या. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी हा पास २५० डॉलरचा झाला आहे, आणि तो नसेल तर यलोस्टोन, झायन, ग्रँड कॅन्यन, ब्राइस अशा ११ मोठ्या पार्कांत सोळा वर्षांवरच्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा पडतात. ६२ वर्षांवरच्यांचा स्वस्त सीनियर पास फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. नातवंडांबरोबर डोंगर बघायला आलेल्या आजीआजोबांवर हा भार पडावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झायनला जुलैत चाळीस अंशांची गरमी होती. तिथे वॉचमन कॅम्पग्राउंडवर विजेची सोय असलेली जागा मिळाली होती, म्हणून तंबूत टेबलफॅन लावता आला. नाहीतर आईंना मोटेलातच न्यावं लागलं असतं. या जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि लगेच संपतात. आम्ही गजर लावून बसलो होतो.

तिथून ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमला गेलो. साउथ रिमपेक्षा हा काठ हजार फूट उंच, हवा गार, गर्दी कमी. तिथल्या जुन्या दगडी लॉजच्या ओट्यावर आई दोन दिवस संध्याकाळी खुर्चीत बसून दरी बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सूर्य गेल्यावर त्यांनी हात जोडले. २०२५ च्या जुलैत ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात ते लॉज जळालं. बातमी मी फोनवर सांगितली तेव्हा आई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

पुन्हा तंबूकडे येते, कारण त्याच्यातली खोट कोलोरॅडोत सुरू झाली. ग्रेट सँड ड्यून्सला दुपारचा वारा पिठासारखी बारीक वाळू उडवतो. ती दाराच्या चेनच्या दातांत जाऊन बसली. ओढली की करकर आवाज, आणि लेकीने एकदा जोर लावला तेव्हा चेन मागून उघडायला लागली. जुन्या टूथब्रशने दातांतली वाळू झाडून, पक्कडीने सरकपट्टी हलकी दाबून आणि वरून मेणबत्ती घासून ती दुरुस्त केली. तेव्हापासून दर मुक्कामाला मेणबत्ती लागतेच. कोपऱ्याची एक शिवणही कमजोर निघाली. शेनान्डोआला सप्टेंबरात चार तास पाऊस लागला तेव्हा तिथून थेंब थेंब पाणी आलं. घरी आल्यावर शिवणीला सीलर, म्हणजे तिची बारीक भोकं बुजवणारं द्रावण, लावला, पुढे गळली नाही. यूटाच्या उन्हाने कापडाचा रंग उडालाय, एक काठी किंचित वाकलीय. थंडीत वरच्या झडपा बंद ठेवल्या तर आपल्याच श्वासाचं दव आत जमून सकाळी अंथरूण ओलं होतं, म्हणून कितीही गारठा असो, त्या उघड्याच ठेवायच्या. एवढं सोडलं तर तंबूने साथ दिली आहे. साडेतीनशे डॉलर मी पुन्हा देईन, पण आता तंबू घेतल्याच्या दिवशीच सगळ्या शिवणींना सीलर लावेन.

हवेच्या मोठ्या गाद्या आता पुन्हा पाहुण्यांसाठी हॉलमध्ये. गोधडी आईंनी जाताना आमच्याकडेच ठेवली. गेल्या दिवाळीत साताऱ्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर त्यांनी दुसरी पाठवली, नातीच्या मापाची, चारी कोपऱ्यांना नाड्या शिवलेली.