ब्रेझाचे पुढचे ब्रेक पॅड : आठ महिने आणि ११,००० किलोमीटरनंतर

माझी २०१८ सालची डिझेल ब्रेझा आठवड्यातून एकदा तरी कराडहून चिपळूणला जाते, आणि कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकवर जो भार येतो, तो गावातल्या फिरण्यात कधीच येत नाही. गेल्या मे महिन्यात पोफळीच्या बाजूला उतरत असताना पुढच्या डाव्या चाकातून पत्रा घासल्यासारखा चिरका आवाज येऊ लागला. पॅडवरचे झिजणारे अस्तर संपत आले की पॅडला लावलेली पातळ पट्टी डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, टेकते, त्याचाच हा आवाज होता. मात्र जेमतेम १८,००० किलोमीटरपूर्वी एका गॅरेजमध्ये पॅड बदलून घेतलेले असल्यामुळे ते इतक्या लवकर संपावेत, हे मनाला पटेना.

ओळखीच्या मिस्तरींसोबत घराच्या अंगणातच चाक उतरवले, तेव्हा उलगडा झाला. डाव्या चाकाच्या आतल्या पॅडवर जेमतेम २ मिलिमीटर अस्तर उरले होते, तर बाहेरच्यावर चांगले ६. या गाडीच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत, पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. आमच्या गाडीची खालची पिन गंजून अशी बसली होती की ती पान्याने फिरवून फिरवून काढावी लागली, आणि तिच्यावरचे रबर फाटलेले होते. गॅरेजच्या बिलात ‘ब्रेक सर्व्हिस’ असे ठळक लिहिले होते. पिनांना मात्र कोणी हात लावल्याची खूण नव्हती. त्या दिवशी नुसते पॅड बदलून चाक चढवले असते, तर पुढच्या वर्षी हाच आवाज पुन्हा ऐकावा लागला असता.

म्हणून नवे पॅड बसवतानाच पुढच्या दोन्ही चाकांच्या पिना स्वच्छ केल्या, रबरे नवी घातली आणि सिलिकॉनचे ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढते, आणि मी मध्यंतरी वरून भर घातलेली असल्यामुळे ते सांडण्याच्या बेतात आले; रंगावर पडले तर रंग जातो, म्हणून थोडे सिरिंजने काढून घेतले. काम आटोपल्यावर पहिल्यांदा पेडल दाबले, तर ते थेट तळाला गेले. चार-पाच वेळा दाबल्यावर ते घट्ट झाले, आणि हे गाडी जागेवरून हलवण्याआधीच करायचे असते.

पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे टाळले, घाटातही दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो. त्या काळात पकड थोडी कमी वाटली आणि एकदा जळका वासही आला. नंतर दोन्ही तक्रारी आपोआप मिटल्या. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढे, आणि सकाळचे पहिले दोन ब्रेक खरखरत लागत. त्यात बिघाड काही नाही. नव्या पॅडची काळी भुकटी मात्र जुन्यांपेक्षा जास्त पडते आणि चाके दर आठवड्याला धुवावी लागतात.

या जानेवारीत ११,००० किलोमीटर झाल्यावर चाके उतरवून व्हर्नियरने मापे घेतली. नवे असताना अस्तर १० मिलिमीटर होते. आता डाव्या चाकाचा आतला पॅड ७.९ आणि बाहेरचा ८.१ भरला. उजवीकडेही जवळपास तसेच आहे. पॅडसाठी मोजलेल्या पैशांपेक्षा रबरे आणि ग्रीस यांवरचा किरकोळ खर्च मला अधिक सार्थकी लागलेला वाटतो.

एक उणीव राहिलीच. ताशी ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित थरथरते. त्याचा दोष पॅडला देता येणार नाही. डिस्कच्या कडेला कंगोरा आला आहे, आणि तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा अजून जास्त असल्यामुळे मी त्या वेळी तीच ठेवली होती. पुढच्या वेळी पॅडबरोबर डिस्कही बदलीन.