रस्टल्स आणि रस्टक्रिप्टो: प्रॉडक्शनमध्ये वापरून लिहिलेला रिव्ह्यू

भोसरी एमआयडीसीतल्या मशीनची रीडिंग्ज बाणेरच्या ऑफिसात आणायचं काम आमची टीम करते, त्यातलं टीएलएस, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटा एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल, आम्ही ओपनएसएसएल या सी भाषेतल्या जुन्या लायब्ररीवरून रस्टल्स या रस्ट भाषेतल्या लायब्ररीवर नेलं. पुण्यात रस्ट शिकणारे बरेच भेटतात, हा बदल का केला आणि अनुभव कसा आहे, हेच सगळे विचारतात, म्हणून लिहितोय.

मुख्य कारण हार्टब्लीड. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये सापडलेला बग, समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी परत पाठवायचा, आणि त्यात पासवर्ड, प्रायव्हेट की काहीही असू शकायचं. सेफ रस्टमध्ये (मेमरीचे नियम कंपायलर पाळायला लावतो तो भाग) तीच चूक केली तर प्रोग्रॅम पॅनिक होईल, म्हणजे तिथेच थांबेल, पण शेजारची मेमरी बाहेर जाणार नाही. माझ्यासाठी एवढ्यावरच निम्मा निर्णय झाला.

रस्टल्समध्ये टीएलएस १.२ आणि १.३ एवढंच. आरसी४ नाही, ट्रिपल डीईएस नाही, असले जुने कमकुवत सायफर चालू करायची सोयच नाही. एका क्लायंटचा जुना गेटवे फक्त टीएलएस १.० वर बोलायचा, तो जोडलाच जाईना, फोनवर बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण मी लायब्ररीच्याच बाजूने आहे, एकदा जुनं चालवून घेतलं की ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

सगळं रस्टमध्येच आहे असं मात्र समजू नका. प्रोटोकॉल रस्टमध्ये, खालचं एन्क्रिप्शनचं गणित डीफॉल्टला एडब्ल्यूएस-एलसी ही दुसरी लायब्ररी करते आणि ते सी आणि असेंब्लीत आहे. त्याऐवजी रिंग ही लायब्ररी घेतली तरी तीच गत. एआरएम बोर्डासाठी क्रॉस कंपाइल करताना, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करताना, डोकं उठतं. पण ती असेंब्ली उगाच नाहीये, गुप्त की (किल्ली) बदलली म्हणून गणिताला लागणारा वेळ बदलता कामा नये, नाहीतर वेळ मोजून कीचा अंदाज बांधता येतो, आणि याची हमी रस्टचा कंपायलर देत नाही. कर्व्ह२५५१९-डालेक या रस्टमधल्या क्रिप्टो लायब्ररीचंच बघा, कोड ब्रँच (अट बघून वाट बदलणं) टाळूनच लिहिलेला, तरी कंपायलरच्या आतल्या एलएलव्हीएमने ऑप्टिमाइझ करताना ब्रँच घातलीच, २०२४ मध्ये ४.१.३ आवृत्ती काढून दुरुस्त करावं लागलं.

रस्टक्रिप्टो म्हणजे क्रिप्टोग्राफीच्या क्रेट्सचा (रस्टमधल्या लायब्ररींचा) संच. त्यातलं झीरोइझ मला मनापासून आवडलं, वापरून झालेली की मेमरीतून पुसतं आणि ते पुसणं कंपायलरला परस्पर काढून टाकता येत नाही. त्यांचं आरएसए क्रेट मात्र सर्व्हरवर डिक्रिप्शनला नकोच, मार्व्हिन या टायमिंग अटॅकची (लागणारा वेळ मोजून गुपित काढायचा हल्ला) नोंद रस्टसेक या रस्टमधल्या सुरक्षा त्रुटींच्या यादीवर २०२३ पासून आहे. सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी व्यवस्था) कार्गो ऑडिट हे तपासणीचं टूल लावा, अशा नोंदी बिल्डलाच दिसतात.

रस्टल्सला पाचपैकी साडेचार, अर्धा क्रॉस कंपाइलसाठी कापला. रस्टक्रिप्टोला चार, पण कुठलं क्रेट घेताय ते बघून.