कोचीन कोंबड्या, दीड वर्षानंतर: रंगाला भुलले, तिथेच फसले

ओहायोत घरामागे जागा मिळाली तेव्हा मी कोंबड्या घेतल्या त्या अंड्यांसाठी नाही, निळ्या रंगासाठी. कोचीनचा निळा म्हणजे पाटीवरचा ओला राखाडी, आणि प्रत्येक पिसाला गडद काठ. फोटो पाहिला आणि एका हॅचरीतून, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्रातून, सहा पिल्लं टपालाने मागवली. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. कोणी घ्यायचं मनात धरून असेल तर माझे पैसे कुठे गेले ते आधी वाचा.

नावाचा घोळ मिटवून टाकते, कारण संगमनेरहून प्रत्येक जण 'केरळची का?' असं विचारतो. आपल्या कोचीशी हिचा संबंध नाही. १८४०च्या दशकात ही जात चीनमधून, शांघायच्या बाजूने, इंग्लंडला पोचली आणि कोचीन-चायना म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागाचं नाव तिला उगाच चिकटलं. राणी व्हिक्टोरियाने पाळल्या, मग इंग्लंड-अमेरिकेत लोक कोंबड्यांपायी असे वेडे झाले की त्याला 'हेन फीवर' म्हणत. अमेरिकेत १८७४ साली जातींचं पहिलं प्रमाणपुस्तक निघालं, त्यात कोचीन होती. आजही कोंबड्यांच्या शोमध्ये त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या धरून परीक्षण होतं.

त्या पुस्तकात पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचं वजन ११ पौंड, म्हणजे जवळपास ५ किलो, आणि कोंबडीचं साडेआठ पौंड. माझ्या हॅचरीवाल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, वर्षाच्या झाल्या तरी ६ पौंडांच्या पुढे गेल्या नाहीत. पाठ गोल हवी ती सपाट, पायाच्या मधल्या बोटावर पिसं हवीत तर त्यांचा पत्ता नाही. हॅचरीला दोष देत नाही. त्यांना भरपूर पिल्लं विकायची असतात, शो जिंकायचे नसतात. शोसाठी हवी असेल तर पहिल्या दिवसापासून पिढ्यान्पिढ्या निवड करणाऱ्या माणसाकडूनच घ्या. मी ते सहा महिन्यांनी केलं: एक निळा कोंबडा, दोन निळ्या कोंबड्या, अडीच तास गाडी चालवून आणल्या. त्या तिघांना जेवढे पैसे मोजले तेवढ्यात वर्षभराचा दाणा आला असता.

रंगाचं गणित मला आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. निळा गुणिले निळा केलं की सगळी पिल्लं निळी होत नाहीत. सरासरी निम्मी निळी, पाव काळी, आणि पाव 'स्प्लॅश', म्हणजे पांढुरक्या अंगावर निळे-काळे शिंतोडे. सगळीच्या सगळी निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावायची. निळा हा स्वतंत्र रंग नाहीच. काळ्याला फिका करणाऱ्या जनुकाची एक प्रत मिळाली तर निळा, दोन मिळाल्या तर स्प्लॅश. काळं पिल्लू पोटाखाली आणि पंखांच्या टोकांना पांढरं निघतं. मी ते बघून घाबरले होते, पण पिसं बदलली की ते पांढरं जातं.

पण आधी अंडी फळायला तर हवीत! फेब्रुवारीत २४ अंडी इनक्युबेटरला लावली. साडेसदतीस अंश, पाणी, सगळं काटेकोर. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिलं तर फक्त ९ अंड्यांत लाल शिरांचं जाळं. बाकीची नुसती पिवळी. २१व्या दिवशी ६ पिल्लं बाहेर पडली. मी मशीनला शिव्या घातल्या. दोष मशीनचा नव्हताच. ज्या मऊ पिसांसाठी ही जात घ्यायची, तीच शेपटीखाली इतकी दाट असतात की कोंबड्याचं काम पिसांतच अडतं. ज्यांच्याकडून पक्षी आणले ते गृहस्थ फोनवर हसले आणि म्हणाले, कात्री घ्या. दोघींची आणि कोंबड्याची मागची पिसं मूठभर कापली, दोन आठवडे थांबले, पुन्हा २४ लावली. यावेळी २० फळली, १७ पिल्लं: ८ निळी, ६ काळी, ३ स्प्लॅश. कापलेली पिसं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत येत नाहीत, म्हणजे पैदाशीचा पक्षी त्या वसंतात शोला नेता येत नाही. हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात आई आली. खुराड्यात वाकून बघत म्हणाली, "अगं, ही कोंबडी आहे की उशी? पिसं काढली तर आत निघणार काय?" मी तिला सांगितलं की शोवाले पाठीमागच्या त्या फुगीर भागाला खरोखरच 'कुशन' म्हणतात. त्यावर तिने अंडं हातात धरून पाहिलं. एवढ्या धुडाच्या मानाने ते मध्यमच. "आपली गावठी बरी," म्हणाली. अंड्यांच्या हिशोबाने तिचं बरोबर आहे. उन्हाळ्यात तर दोन्ही कोंबड्या लागोपाठ खुडूक बसल्या, आणि कोचीन खुडूक बसली की गोल्फचा चेंडूसुद्धा उबवत राहते. आईने मग मशीन बंद करायला लावलं आणि शेजारणीकडची बदकाची अंडी एकीच्या पोटाखाली सारली. २८ दिवस हलली नाही बिचारी. पिल्लं डबक्यात उतरली तेव्हा काठावर तिने जो आकांत केला, तो व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

स्वभावाला पैकीच्या पैकी. माझा सहा वर्षांचा मुलगा पाच किलोचा कोंबडा काखेत घेऊन फिरतो आणि तो डोळे मिटून घेतो. उडता येत नाही, त्यामुळे चार फुटांचं कुंपण पुरतं आणि बसायची दांडी फूटभर उंचीवरच लावायची. पण पळताही येत नाही. एका रात्री कडी नीट लागली नव्हती, रॅकून (इथला रात्री फिरणारा शिकारी प्राणी) आला, आणि हॅचरीवाल्यांतली एक गेली. पायांच्या पिसांचा जाच तर रोजचा: चिखल, शेण, गोठलेलं पाणी. पिसांच्या आत खवल्यांत किडे झालेत हे मला उशिरा दिसलं. आईने रोज संध्याकाळी खोबरेल चोळलं. खाली जाळी असेल तर पिसं तुटतात, म्हणून लाकडाचा कोरडा भुसा हवा आणि तो सारखा बदलायला हवा. कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं जानेवारीत थंडीने काळी पडली. आणि महाराष्ट्रातल्या उन्हात ही जात पाळायचा विचार असेल तर कृपा करून नको. इथे ३२ अंशांतच चोची उघड्या टाकून धापा टाकतात.

ऑक्टोबरमध्ये आमच्या भागातल्या एका छोट्या क्लबचा शो होता. दारात पुलोरम-टायफॉइड या कोंबड्यांच्या साथीच्या रोगांच्या चाचणीचा कागद दाखवायचा, मग पिंजरा क्रमांक. तीन दिवस आधी आंघोळ: तीन टबांत कोमट पाणी, पहिल्यात भांड्यांचा साबण, दुसऱ्यात थोडं व्हिनेगर, तिसऱ्यात साधं. ओली कोचीन बघणं हा वेगळाच धक्का असतो. पाच मिनिटांपूर्वीच्या उशीतून लांब मानेचा एक काटकुळा प्राणी निघतो. आईला उत्तर मिळालं. मग केस वाळवायच्या ड्रायरने दीड तास, आणि त्यात ती माझ्या मांडीवर झोपली.

परीक्षक आजोबांनी माझी सर्वांत सुंदर काठांची निळी तलंग उचलली, पाठीवरून हात फिरवला, पिसं फुंकून मुळाचा रंग पाहिला, परत ठेवली. चौघींत तिसरी. विचारलं तर म्हणाले, रंग उत्तम, पण पाठ सपाट. आधी जात दिसली पाहिजे, मग रंग. शोवाल्यांत हे सगळे जण म्हणतात. मी ते वाचलंही होतं. तरी एप्रिलच्या १७ पिल्लांतून निवड करताना मी फक्त निळी ठेवली होती आणि काळी जूनमध्ये १५-१५ डॉलरला देऊन टाकली होती. त्यांतली एक एका शाळकरी मुलीने नेली होती. मुलांच्या विभागात तीच तलंग बसली होती, पाठ मानेपासून शेपटीपर्यंत नुसती गोल, हिरवी झाक मारणारी, पिंजऱ्यावर बक्षिसाची फीत. मुलीने मला ओळखलं आणि तिचं नाव 'उशी' ठेवल्याचं सांगितलं. तो शब्द त्या मुलीला माझ्या आईनेच जूनमध्ये शिकवला होता.

आता कोणी घ्यावी? अंड्यांसाठी असेल तर घेऊ नका. मुलांना लळा लावायचा असेल तर हॅचरीवाल्याही चालतील. माझ्या उरलेल्या पाचही अजून आहेत. शोसाठी घ्यायची असेल तर पिल्लं देऊन टाकायला मन घट्ट करा, कारण १७ पिल्लांतली फार तर तीन-चार ठेवण्याजोगी निघतात आणि बाकीच्यांना घर शोधावं लागतं. मी त्या मुलीच्या वडिलांना फोन केलाय. काळी ते विकणार नाहीत म्हणाले, पण वसंतात तिची डझनभर अंडी द्यायला तयार आहेत. माझा निळा कोंबडा फेब्रुवारीत पंधरा दिवसांसाठी त्यांच्याकडे जाणार. कात्री मीच घेऊन जाईन.