टी-रेग तपासणी: सात रस्त्याजवळच्या कलेक्शन सेंटरला तीन तारे

रक्त काढणारा हात हलका, वेळही पाळतात. घोळ पुढे होतो. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या या टी-रेग पेशी जिवंत पोचायला हव्यात: हेपारिनची (रक्त गोठू न देणारं औषध) हिरव्या झाकणाची नळी, 18 ते 25 अंश तापमान, 24 तासांत मशीनवर. इथे नळी थेट बर्फात ठेवतात, वर सोलापूरच्या उन्हाचं कारण सांगतात! ऊन खरंच, पण बर्फानेही पेशी बिघडतात.

रिपोर्टमध्ये नुसत्या सीडी25 (पेशीवरची एक खूण-प्रथिन) वरून टी-रेगचा टक्का काढलेला. चेतलेल्या साध्या टी-पेशींवरही सीडी25 असतंच की. सोबत फॉक्सपी3 (टी-रेगच्या आतलं खास प्रथिन) किंवा निदान कमी सीडी127 (पेशीवरची आणखी एक खूण) बघायला हवं. आणि टक्का नॉर्मल आला म्हणून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) नाही, असं होत नाही. संशय असेल तर आधी एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) करा.