थरथरणारं आयडलिंग, जुनी गाडी आणि ओबीडी अडॅप्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सिग्नलला थांबलो आणि इंजिन नुसतं जागेवर चालू राहिलं (म्हणजेच आयडलिंग) की गाडी थरथरायला लागायची. एसी चालू असेल तर आरपीएमचा काटा ७५० वरून ५०० पर्यंत घसरायचा, पुन्हा चढायचा, आणि असं चार-पाच वेळा झालं की इंजिन गप्प. वेग घेतल्यावर मात्र तक्रार नाही. गाडी चौदा वर्षांची, पेट्रोल, चार सिलिंडर. अडॅप्टर घेण्याआधी मी स्पार्क प्लग बदलले, एक कॉइल बदलली, हवेचा फिल्टर बदलला. सगळं अंदाजपंचे. थरथर जागच्या जागी.

ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, आणि अडॅप्टर म्हणजे इंजिनच्या संगणकातल्या त्या नोंदी वाचणारी आगपेटीएवढी डबी. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायची आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडायची. कार्ब्युरेटरच्या गाडीला हिचा उपयोग नाही. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हे सॉकेट सक्तीचं झालं, बाकी ठिकाणी पुढेमागे आलं. तेव्हा आधी वाकून सॉकेट आहे का ते बघा, मगच खरेदी करा.

पहिल्याच दिवशी दोन कोड, म्हणजे संगणकाने नोंदवलेल्या बिघाडांचे क्रमांक, मिळाले. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी ०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं, पण ठरावीक एका सिलिंडरचा नाही. आता लाज वाटते, पण मी काय केलं, तर ऑक्सिजन सेन्सर बदलला. मिश्रण कोण मोजतं? सेन्सर. मग तोच बिघडला असणार! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. आठवड्याने पी ०१७१ परत हजर.

या डबीचा खरा उपयोग कोड वाचण्यात नाही, चालू इंजिनचे आकडे बघण्यात आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यातही फ्युएल ट्रिमचे. हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, ते ट्रिममध्ये दिसतं. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाचा, लाँग टर्म अंगवळणी पडलेला. दोन्हींची बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर साधारण ठीक. माझी बेरीज आयडलिंगला अधिक २८ होती. आरपीएम २५०० वर स्थिर धरला, तर ती अधिक ५ वर आली.

या दोन आकड्यांच्या फरकातच उत्तर होतं. आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) ओढ सगळ्यात जास्त आणि मोजून आत येणारी हवा अगदी थोडी. तेव्हा एखाद्या फटीतून चोरटी हवा शिरली तर तिचा वाटा फार मोठा ठरतो. आरपीएम वाढला की मोजलेल्या हवेचा लोंढा येतो आणि चोरटी हवा त्यात बुडून जाते. उलट, ट्रिम आयडलिंगला बरा आणि जोर लावल्यावर वाढत गेला असता, तर मी पेट्रोल पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणाऱ्या, मळलेल्या एअरफ्लो सेन्सरकडे वळलो असतो. हे गणित एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीचं. काही गाड्या हवा न मोजता मॅनिफोल्डचा दाब मोजतात. तिथे अशा गळतीने बऱ्याचदा ट्रिम न बिघडता आयडलिंगच वर चढतं.

गळती शोधायला लोक कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. गरम इंजिनवर पेट घेणारं रसायन, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. मोबाइलवर शॉर्ट टर्मचा आलेख लावला आणि रबरी पाइप एकेक करून पकडीने हलकेच दाबत गेलो. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबला, काही नाही. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या व्हॉल्व्हचा, पाइप दाबला आणि आलेख धाडकन खाली. पाइप काढला तर व्हॉल्व्हजवळच्या वळणावर, खालच्या बाजूने, बोटभर चीर. वरून बघताना पाइप अगदी नवा वाटत होता.

नवा पाइप बसवल्यावर बेरीज अधिक ४ वर आली आणि थरथर ऐंशी टक्के गेली. पण गाडी आता सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडायला लागली! थ्रॉटल बॉडीत काजळी साचून हवेची वाट अरुंद झाली होती; इतके दिवस गाडी फाटक्या पाइपातल्या चोरट्या हवेवर जगत होती. थ्रॉटल बॉडी साफ केली, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे संगणकाला आयडलिंग पुन्हा शिकवलं, तेव्हा काटा ७५० वर टेकला.

पाचव्या महिन्यात वेगळंच दुखणं आलं. तासभर चालवल्यावर गाडी धावता धावता बंद, वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू. कोड एकही नाही. अशा वेळी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिनला फिरवत असतात, म्हणजे आरपीएम दिसायलाच हवा. माझा काटा तत्क्षणी शून्यावर पडला. गरम असताना सेल्फ मारला, तरी अडॅप्टर आरपीएम शून्यच दाखवत होता. इंजिनचे फेरे मोजणारा क्रँकशाफ्ट सेन्सर गरम झाला की मुका होत होता. तो बदलल्यापासून रस्त्यात एकदाही थांबावं लागलेलं नाही.

तक्रारी आहेत. माहिती पाठवायची जुनी, संथ पद्धत (प्रोटोकॉल) असलेल्या गाडीत आकडे रांगत येतात. चारपेक्षा जास्त एकावेळी लावले तर आलेखाला अर्थ राहत नाही. डबी सॉकेटमध्येच ठेवून गाडी आठवडाभर उभी केली आणि बॅटरी उतरली. आता काम झालं की काढून ठेवतो. कोड पुसायचं बटण फार सोपं ठेवलंय. त्या एका दाबाने कोड उमटला तेव्हाच्या आकड्यांची नोंदही (फ्रीझ फ्रेम) जाते आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेला ट्रिमही. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. मी पहिल्यांदा काढला नव्हता.

अजून थोडी थरथर उरली आहे. आरपीएम स्थिर, ट्रिम चांगले, मिसफायर नाही. अडॅप्टरच्या मते गाडी ठणठणीत. काल मित्राला ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला लावला आणि मी बाजूला उभं राहून उघड्या बॉनेटमध्ये बघितलं. इंजिन एका अंगाने उचललं जातंय. इंजिनला धरून ठेवणाऱ्या उजव्या माउंटचं रबर आरपार फाटलंय.