मेश वायफायचा लॅग: ट्राय-बँड घ्यावा की केबल ओढावी?

पुतण्याच्या दुमजली घरात मेश वायफाय (घरभर ठेवलेल्या, एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या राउटरांचा, म्हणजे नोडचा संच) आहे, तरी वरच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडखळतो. आता ड्युअल-बँड (दोन रेडिओंचा) संच काढून ट्राय-बँड (तीन रेडिओंचा) घ्यायचा, की आहे त्याच नोडना कॅट-6 या नेटवर्क केबलने जोडायचं, यात तो अडकलाय.

विलंब: खरा मुद्दा हाच. वायरलेस रेडिओ एका चॅनेलवर एका वेळी एकतर ऐकतो, नाहीतर बोलतो. ड्युअल-बँडमध्ये बहुधा 5 गिगाहर्ट्झच्या एकाच रेडिओवर फोनही असतात आणि मुख्य राउटरशी देवाणघेवाणही. त्यामुळे दर टप्प्याला (एका नोडकडून दुसऱ्याकडे जाताना) वेग साधारण निम्मा होतो आणि पॅकेट (डेटाचे तुकडे) रांगेत उभी राहतात. ट्राय-बँडमध्ये नोडना आपसात बोलायला बहुधा वेगळा रेडिओ मिळतो. रांग घटते, पण संपत नाही. शेजाऱ्याचं वायफाय त्याच चॅनेलवर आलं की पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) पुन्हा उड्या मारतो. केबलवर हाच टप्पा एक मिलिसेकंदाच्या आत पार पडतो, तोही रोज तसाच. खोक्यावरचे मोठाले आकडे म्हणजे सगळ्या बँडची बेरीज. विलंबाबद्दल त्यात चकार शब्द नसतो.

खर्च: केबल स्वस्त, भिंत फोडणं महाग. रिकामा पाइप आधीच असेल तर प्रश्नच मिटला. (इलेक्ट्रिशियन लाइटच्याच पाइपातून ओढू म्हणेल. ऐकू नये.)

टिकाऊपणा: राउटर बदलला तरी केबल राहते, 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिट आरामात.

भाड्याचं घर असेल तर ट्राय-बँड घ्या. घर स्वतःचं आणि काम कॉलवर किंवा नाद गेमिंगचा असेल, तर केबलच. फक्त नोडला लॅन पोर्ट (केबल लावायचं भोक) आहे ना, ते आधी बघा.